चौदा वर्षांची गाठ कोणी सोडली?

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 29 जुने कायदे त्यांत सामावले गेले. बालमजुरीविरोधी 1986 चा कायदा मात्र त्यांत नाही. तो होता तसाच बाहेर राहिला, म्हणून त्याची चर्चाही झाली नाही. ती व्हायला हवी, असे आम्हाला वाटते.

23 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कलमावर दुरुस्ती आली होती. हे शिक्षण प्राथमिकपुरतेच ठेवा, असे तिचे म्हणणे. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद असा, की दुसऱ्या कलमाने (आजचे कलम 24) 14 वर्षांखालील मुलाला कामावर ठेवायला मनाई केली आहे. मग त्या वयापर्यंत ते मूल शिक्षणसंस्थेतच असायला हवे. कामाची बंदी आणि शाळा यांची गाठ त्यांनी एकाच वयावर मारली.

2016 च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालील मुलांना सर्वच कामांत बंदी केली. मालकाला 6 महिने ते 2 वर्षे कैद, 20 ते 50 हजार रुपये दंड. एवढ्यावर थांबले असते तर आम्ही स्वागतच केले असते. पण त्याच दुरुस्तीने शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत कुटुंबाच्या धंद्यात 'मदत' करायला मोकळीक दिली. आपल्या देशात कुटुंबाचा धंदा म्हणजे बहुतेक वेळा जातीचा धंदा. बापाचे काम पोराच्या हाती देणारी जी व्यवस्था मोडायची होती, तिलाच कायद्याने मागच्या दाराने आत घेतले.

आमच्या सुकापूरच्या आसपास बघा. पनवेल-माथेरान रस्त्याला इमारतींवर इमारती उभ्या राहत आहेत. त्यांना लागणाऱ्या विटा पाडायला रायगडचे कातकरी दिवाळीनंतर भट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. उचल आधीच घेतलेली आणि मजुरी हजार विटांमागे, त्यामुळे जितके हात अधिक तितकी उचल लवकर फिटते. भट्टी मालकाची, कुटुंबाची नव्हे. म्हणजे कायद्यातली सवलत इथे लागूच होत नाही. पण हिशेबाच्या वहीत नवरा-बायकोचे एकच जोडपे असते. चिखल तुडवणारे, ओल्या विटा उलटणारे पोर त्या वहीत नसतेच. विचारले तर उत्तर तयार: आईबापाला मदत करतोय.

14 पूर्ण झाले की गाठ उरलेलीच नाही. शिक्षण हक्क कायदा तिथे संपतो. खाणी, स्फोटके आणि घातक प्रक्रिया वगळल्या तर बाकी कामे 14 ते 18 वयोगटाला खुली होतात. नाक्यावरच्या गॅरेजात पाने उचलणारा पंधरा वर्षांचा मुलगा कायद्याच्या दृष्टीने बालकामगार नाही. भारताने जून 2017 मध्ये किमान वयाच्या आंतरराष्ट्रीय करारावर मान्यतेची मोहोर उमटवली, तेव्हाही वय 14 च सांगितले. शाळेतून बाहेर पडलेल्या आपल्या वस्तीतल्या पोरांचे वय नेमके हेच असते.

आमची मागणी दोन गोष्टींची आहे. सक्तीचे मोफत शिक्षण 18 पर्यंत न्यावे आणि कौटुंबिक धंद्याची सवलत काढून टाकावी. दिल्लीत ते होईल तेव्हा होईल. तोवर ग्रामपंचायत आणि शाळा एक काम करू शकतात: दिवाळीची सुट्टी संपल्यावर पटावरचे कोणते मूल आले नाही ते पाहायचे, त्याचे कुटुंब कोणत्या भट्टीवर गेले ते विचारायचे आणि तिथल्या जवळच्या शाळेला ते नाव कळवायचे.