दोनशे कोटींचा गल्ला आणि आपला पगार

वाचकहो, आरोग्य आणि अर्थ या पानावर सिनेमाची गोष्ट कशाला, असे काहींना वाटेल. पण ही गोष्ट शेवटी पैशाचीच आहे.

राकेश रोशन यांचा ‘क्रिश 3’ भारतात 1 नोव्हेंबर 2013 रोजी, ऐन दिवाळीत लागला. करामात राहणारे आम्हीही तो त्याच सुट्टीत सहकुटुंब पाहून आलो. हृतिक रोशनचे काम आणि पडद्यावरच्या करामती यांचे समीक्षकांनी कौतुक केले, पण कथेत परदेशी सुपरहिरोपटांची उसनवारी फार, असेही अनेकांनी लिहिले. आमचे चिरंजीव तेव्हा बारा वर्षांचे. ते चिडलेच! "बाबा, दोनशे कोटी मिळवले ना? मग सिनेमा वाईट कसा?"

मी त्याला हिशेब समजावला. गल्ला म्हणजे कमाई नव्हे. महाराष्ट्रात मोठ्या शहरांत हिंदी चित्रपटाच्या तिकिटावर त्या काळी 45 टक्के करमणूक कर होता. तो वजा झाला की थिएटरवाल्याचा वाटा, मग वितरकाचा, मग जाहिरातीचा खर्च. उरेल ते निर्मात्याचे. शिवाय दोनशे कोटींच्या त्या आकड्यावरही वाद झालाच. निर्मात्यांचे आकडे आणि व्यवसायाचा हिशेब ठेवणाऱ्यांचे आकडे जुळेनात.

दुसरी मेख चलनाची. आधीचा ‘क्रिश’ 2006 चा. तेव्हा एका दिरहॅमला साधारण साडेबारा रुपये मिळत. 2013 च्या दिवाळीत सुमारे सतरा. समजा येथले तिकीट दोन्ही वेळी तीस दिरहॅमचेच धरले, तरी रुपयांत ते 375 वरून 510 वर जाते. प्रेक्षक एकही वाढला नाही, आकडा मात्र फुगला!

मुलाला हे शहाणपण शिकवणारा मी स्वतः मात्र त्याच वर्षी फसलो. रुपया घसरला, घरी पाठवायची रक्कम रुपयांत भरघोस दिसू लागली, आणि मी पुण्यात ऐपतीबाहेरचा फ्लॅट घेतला. पुढच्याच वर्षी येथले घरभाडे वाढले, शाळेची फी वाढली. पगार दिरहॅममध्ये होता तेवढाच. हप्त्यांसाठी सौ.ची मुदत ठेव मोडावी लागली. ती काही बोलली नाही, पण ते न बोलणे मला आजही आठवते.

आपल्यापैकी अनेक जण आजही असाच गल्ला मोजतात. नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीचेच पाहा. ती एकूण पगारावर नव्हे, मूळ पगारावर मिळते: पहिली पाच वर्षे दरवर्षी 21 दिवसांचा मूळ पगार, पुढे दरवर्षी 30 दिवसांचा. एकूण पगार 12,000 आणि मूळ पगार 6,000 दिरहॅम असेल, तर दहा वर्षांनंतर हाती येतात 51,000. घरी बसून आपण 1,02,000 चा हिशेब करतो, आणि त्यावर मुलीचे लग्न किंवा गावाकडचे घर ठरवून मोकळे होतो.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे. पगाराचा आकडा आणि रुपयाचा भाव ही पोस्टरवरची अक्षरे आहेत. खरा हिशेब एकच: महिनाअखेरीस भाडे, फी आणि हप्ते जाऊन दिरहॅममध्ये काय उरले? या शनिवार-रविवारी नवराबायकोने मिळून एक वही घ्यावी, नोकरीचा करार काढून मूळ पगार पाहावा आणि हे लिहून काढावे.

चिरंजीव आता स्वतः कमावतात. परवा त्यांनी पगार सांगितला, तेव्हा मी एवढेच विचारले, "गल्ला सांगतोस की कमाई?" तो हसला. सौ. मात्र माझ्याकडे बघून हसली.