आज्ञा आणि पोच

घरातील दूरचित्रवाणी संच बिघडला, की त्याचा रिमोट अडगळीत जातो. दुसरीकडे, सीरियल पोर्ट असलेले जुने तराजू व मापकयंत्रे कालबाह्य ठरून प्रयोगशाळेच्या कपाटात धूळ खात पडतात. या दोन उपेक्षित वस्तूंची सांगड घालणे हा विज्ञानशिक्षणाचा उत्तम पाठ ठरेल, असे मला वाटते.

यामागील तत्त्व अवघड नाही. विल्यम हर्षल यांनी १८०० मध्ये शोधलेले अवरक्त किरण डोळ्यांना दिसत नाहीत. रिमोटमधील दिवा बहुधा ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचे असे किरण सोडतो आणि संकेत देताना सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. त्यामुळे सभोवतालच्या प्रकाशातूनही तो संकेत वेगळा ओळखता येतो. एक छोटा ग्राही तो टिपतो, सूक्ष्मनियंत्रक त्याचा अर्थ लावतो आणि सीरियल पोर्टच्या तारेतून एकामागून एक बिट पाठवून उपकरणाला आज्ञा देतो.

याचा लाभ केवळ सोयीचा नाही. चाकांच्या खुर्चीवरील विद्यार्थिनीला उंच टेबलावरचे उपकरण स्वतः चालवता येईल. हाताच्या स्पर्शानेही हलणारा नाजूक तराजू दुरूनच शून्यावर आणता येईल.

तयार बिनतारी साधने मिळत असताना हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. तयार साधन काम करून देते, हे खरे. परंतु ते काम कसे होते, हे आपल्या हातांनी जुळवल्याशिवाय उमगत नाही.

मात्र एक सावधगिरी हवी. रिमोट केवळ बोलतो, ऐकत नाही. दूरचित्रवाणीचा आवाज कमी झाला नाही, तर आपण पुन्हा बटण दाबतो. पण ‘तापक बंद कर’ ही आज्ञा वाटेतच हरवली, तर अपघात घडू शकतो. सीरियल पोर्टमध्ये पाठवण्याची तार असते, तशी ऐकण्याचीही असते. उपकरणाकडून तिच्यावाटे पोच मिळाल्याखेरीज आज्ञा पाळली गेली, असे मानू नये. शिवाय, वीज तोडणारा हाताचा खटका जवळ असलाच पाहिजे.

आज्ञा देणे सोपे असते. ती पाळली गेली का, हे पाहण्याची जबाबदारी मात्र आज्ञा देणाऱ्याचीच असते. प्रयोगशाळेने विद्यार्थ्याला हेच शिकवावे.