पांचशें डोक्यांचा रस्ता

गांवाला रस्ता हवा असेल तर गांवांत माणसें किती, हा सरकारचा पहिला सवाल असतो. २५ डिसेंबर २००० रोजीं प्रधानमंत्री ग्रामसडक योजना निघाली. तिचा नियम असा कीं, सपाट मुलखांत ज्या वस्तींत ५०० माणसें भरतील तिला बारमाही रस्ता. डोंगरी राज्यांत, वाळवंटांत व आदिवासी भागांत २५० भरलीं तरी चालतें. सप्टेंबर २०२४ मध्यें तिचा चौथा टप्पा मंजूर झाला. २५,००० वस्त्या, ६२,५०० किलोमीटर रस्ते, खर्च ७०,१२५ कोटी रुपये! काम चांगलें आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. परंतु या टप्प्यासाठीं जीं डोकीं धरलीं, तीं २०११ सालच्या खानेसुमारींतलीं.

आतां शेतकरी व कारागीर बंधूंनो, ती खानेसुमारी कोणत्या महिन्यांत झाली तें आठवा. ९ ते २८ फेब्रुवारी! त्या दिवसांत बीड जिल्ह्याच्या वाड्यातांड्यांवर होतें कोण? दिवाळी सरली कीं नवराबायको मिळून एक कोयता धरतात आणि पोरांबाळांसह सांगली-कोल्हापुराकडे, कर्नाटकांत ऊसतोडीला जातात, तीं परततात उन्हाळ्यांत. घरीं उरतात म्हातारींकोतारीं. मोजणीचा रिवाज असा कीं, मोजणीचे सर्व दिवस जो घराबाहेर असेल, तो जेथें सांपडेल तेथें मोजावा. म्हणजे वाडीचा माणूस कारखान्याजवळच्या खोपींत मोजला गेला. यामुळें किती वाड्या ५०० च्या खालीं उतरल्या, याचा हिशेब कोणीं मांडला आहे काय? रस्ता नाहीं म्हणून धंदा नाहीं, धंदा नाहीं म्हणून ऊसतोड, ऊसतोड म्हणून डोकीं कमी, आणि डोकीं कमी म्हणून रस्ता नाहीं! कुळकर्ण्याचें दप्तर गेलें, त्या जागीं संगणक बसला. पण जित्या रयतेला कागदावरून नाहींशी करण्याची त्या दप्तराची विद्या मात्र शाबूत राहिली.

बरें, पैसा कोणाचा? १८६९ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड बसला, आणि त्याचा जाब जोतीराव फुल्यांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्यें विचारला. ही योजना उभी राहिली ती २००० सालच्या केंद्रीय रस्ते निधी कायद्यावर. डिझेलवरील उपकराचा निम्मा हिस्सा खेड्यांच्या रस्त्यांसाठीं ठेवला गेला. ट्रॅक्टरच्या टांकींत तुम्ही डिझेल ओततां, त्यांतून हा रस्ता निघाला. मग उपकाराची भाषा कशाला?

मार्च २०२३ पासून एस. टी. मध्यें बायांना अर्धें तिकीट झालें. फार चांगलें झालें. पण ज्या वाडीचा थांबा कोसभर दूर, वाटेंत ओढा, तेथली अडलेली बाई झोळींतून नेतात, आणि झोळी खांद्यावर घेणारे तिकीट मागत नसतात.

२०२१ ची खानेसुमारी त्या सालीं झाली नाहीं. पुढची १ मार्च २०२७ च्या हिशेबानें घेण्याचें सरकारनें २०२५ सालीं जाहीर केलें. म्हणजे पुन्हां गाळपाचाच हंगाम! म्हणून आमचें मागणें असें कीं, रस्त्यापुरतीं तरी ऊसतोडीला गेलेलीं माणसें त्यांच्या वाडीच्या नांवावर धरावीं. त्यासाठीं ग्रामपंचायतींनीं कोयते निघण्यापूर्वीं घरोघरची यादी करून ठेवावी, ती ग्रामसभेपुढें वाचावी आणि जिल्हा परिषदेस देऊन पोंच घ्यावी.

आणखी एक. अर्ध्या किलोमीटरच्या आंतील वस्त्या एकत्र मोजण्याची सवलत योजनेच्या मूळ नियमांतच आहे. तरी मराठ्यांची वाडी आपला वेगळा अर्ज करते, लमाणांचा तांडा आपला वेगळा करतो, आणि ३०० व २५० म्हणून दोन्ही परत येतात. एकत्र केले असते तर ५५० झाले असते! तेव्हां वाडीनें व तांड्यानें ठराव एकच करावा, रस्ता शेवटच्या घरापर्यंत मागावा, आणि सह्या घेतांना मांगवाड्यापासून सुरुवात करावी.