कडूगोड चवीची गोष्ट

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, न्यू इंग्लंड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्यांत, 'मॉक्सी' नावाचे एक शीतपेय मिळते. रंग कोलासारखा, चव मात्र आधी गोड आणि मागाहून कडू. हा कडवटपणा जेन्शन नावाच्या वनस्पतीच्या मुळाचा. आपले काडेचिराईत त्याच कुळातले. तापात आजीने पाजलेला चिराइताचा काढा ज्यांना आठवतो, त्यांना असले पेय लोक पैसे मोजून, हौसेने पितात याचे नवल वाटेल. मला तरी वाटले.

मॉक्सीचा जन्मही औषध म्हणूनच झाला. मेन राज्यात जन्मलेल्या आणि मॅसॅच्युसेट्समधील लोवेल येथे व्यवसाय करणाऱ्या डॉ. ऑगस्टिन थॉम्पसन यांनी १८८४ च्या सुमारास ते 'मज्जातंतूंचे अन्न' म्हणून बाजारात आणले. म्हणजे १८८६ च्या कोका-कोलापेक्षा ते वयाने थोडे वडीलच. पुढे औषधी दाव्यांवर कायद्याने बंधने आली, पेय राहिले. मोटारीवर घोड्याचा पुतळा बसवून त्याच्या पाठीवरून ती मोटार हाकण्यापर्यंत त्याच्या जाहिरातीची मजल गेली. 'मॉक्सी' हा शब्द धमक, हिंमत या अर्थाने इंग्रजीत रुळला. नंतर कोलाने देश व्यापला आणि मॉक्सी आपल्या मुलखापुरते उरले.

पण उरले! माझ्या मते याचे कारण त्या कडवटपणातच आहे. गोड कोणालाही पहिल्या घोटाला आवडते. त्यासाठी कोणत्या गावचे असावे लागत नाही. कडू आवडायला सवय लागते, आणि ती सवय घरातले कोणीतरी लावावे लागते. जी चव शिकावी लागते, ती आपली वाटते.

२००५ साली मेन राज्याने मॉक्सीला आपले अधिकृत शीतपेय ठरवले. लिस्बन फॉल्स गावी दर जुलैत त्याचा उत्सव भरतो. २०१८ मध्ये मात्र कोका-कोला कंपनीनेच मॉक्सी विकत घेतले. आपल्याला ही कथा अनोळखी नाही. १९७७ साली कोका-कोला भारतातून गेली, त्या सुमारास थम्स अप उभे राहिले. १९९३ मध्ये ती परतली आणि पारलेची पेये तिने घेतली. थम्स अप टिकले, गोल्ड स्पॉट नाहीसे झाले. मालक खप पाहतो; त्याला दोष देण्यात अर्थ नाही. राजमान्यता आणि उत्सव यांनी चवीला मान मिळतो, आयुष्य मिळत नाही. ते रोज पिणारा देतो.

मित्रहो, आपल्या सीमाभागाचीही एक कडूगोड चव आहे. पाडव्याला मराठी घरात कडुनिंब आणि गूळ खातात. त्याच दिवशी शेजारच्या कन्नड घरात युगादीचे बेवू-बेल्ला असते. बेवू म्हणजे कडुनिंब, बेल्ला म्हणजे गूळ. पदार्थ एक, तिथी एक, नावे दोन. असे असूनही या अंकाचा मराठी विभाग वाचणारे आपण कन्नड विभागाची पाने न उलटताच अंक मिटतो, आणि बहुधा तिकडचे मित्रही तेच करतात. लिपी परकी वाटते, पहिला घोट कडू लागतो, म्हणून पेला बाजूला ठेवायचा!

भाषेच्या वादात ज्यांच्या घराने सोसले आहे, त्यांना हे लिहिणे भाबडे वाटेल याची मला जाणीव आहे. आपल्या मराठीचा आग्रह सोडा असे मी म्हणत नाही. तो मलाही सोडायचा नाही. पण शेजाऱ्याची लिपी शिकल्याने मराठी उणी होते, हे मला पटत नाही. कन्नड मुळाक्षरे गिरवायला एक सुटी पुरेशी आहे. पुढचा अंक हाती येईल तेव्हा निदान तिकडच्या लेखांची शीर्षके तरी आपल्याला वाचता यावीत. तोंड थोडे कडू होईल. पाडव्याला ते आपण होऊनच करून घेतो की!