नावात काय आहे? सर्व्हरच्या नावात बरंच!

मित्रांनो, कंपन्यांनी काढून टाकलेले रॅक सर्व्हर स्वस्तात मिळतात. प्रोजेक्टसाठी एखादा घ्यावा असं वाटणं साहजिक आहे. विकणारा सांगतो, "झिऑन आहे, १६ जीबी रॅम आहे." आपण खूश! पण पिढी कुठली, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच हवा.

डेलचंच उदाहरण घ्या. पॉवरएज २९५० मधला ९ म्हणजे नववी पिढी. पुढे नावांची पद्धत बदलली. आर७१० मधला आर म्हणजे रॅक, १ म्हणजे अकरावी पिढी आणि शेवटचा ० म्हणजे इंटेल प्रोसेसर. तिथे ५ असेल तर एएमडी. २९५० ला एफबी-डिम रॅम लागते, आर७१० ला डीडीआर-३. एकाची दुसऱ्यात बसतच नाही. पिढी चुकली की पैसे पाण्यात!

त्यात २९५० च्याही तीन आवृत्त्या. दिसायला जवळपास सारख्या, पण झिऑन ५४०० मालिकेचा प्रोसेसर टाकायचा तर तिसरीच हवी. म्हणून नुसत्या मॉडेलवर विसंबू नका, सर्व्हिस टॅग मागा. मशीन चालू असेल तर लिनक्सवर 'डीएमआयडीकोड' ही कमांड मॉडेल आणि टॅग दोन्ही दाखवते.

आपण पाइपलाइन, कॅश सगळं पाठ करतो, पण समोरच्या पेटीवरचा नंबर वाचता येत नाही. लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल यावरच ठेवा ना: झाकण न उघडता सर्व्हरची पिढी ओळखा. नोकरीत पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडेल!