संदर्भ मागितला म्हणून रुसायचे?

मंडळी, आमच्या आंबवड्यात नागेश्वराचे जुने देऊळ आहे. कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या आहेत. अशा गावांबद्दल मराठी विकिपीडियावर लिहावेसे तरुणांना वाटते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण लिहिताना देऊळ 'पांडवकालीन' ठरते, वीरांच्या नावामागे चार-पाच विशेषणे लागतात आणि संदर्भ मात्र एकही नसतो. मग कोणी तो मजकूर काढला, की ओरड सुरू: "आमचा इतिहास पुसणारे हे कोण? पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलोय, पुरावा कसला मागता?"

हा कांगावा मला मुळीच पटत नाही.

जवळच्या कारी गावचेच उदाहरण घ्या ना! बखरींच्या आधाराने शिवरायांचा जन्म १६२७ चा मानला जाई. कारीच्या जेध्यांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात जन्मतिथी निघाली फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. इतिहासकारांनी अनेक वर्षे वाद घातला, इतर साधनांशी ती ताडून पाहिली. आज सरकारी शिवजयंती याच तारखेला असते. ज्या खोऱ्याने महाराष्ट्राला एवढा मोठा पुरावा दिला, त्याच खोऱ्याने पुरावा मागितला म्हणून रुसावे?

विकिपीडियाचा नियम तरी काय आहे? विश्वासार्ह ठिकाणी प्रसिद्ध झालेले लिहा, ते कुठे आले ते सांगा, आपले संशोधन घुसडू नका, भाषा तटस्थ ठेवा. तटस्थ म्हणजे कोरडी नव्हे. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी कान्होजींनी वतनावर पाणी सोडले, हे एक साधे वाक्य संदर्भासह लिहा. त्यापुढे 'महापराक्रमी' शब्द फिकाच पडतो.

"पण आजोबांच्या आठवणी कुठे छापल्यात?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर नियम मोडणे नव्हे. आठवणी लिहून काढा, घरातली जुनी कागदपत्रे अभ्यासकांना दाखवा, त्यांची छाननी होऊन छापून येऊ द्या. विश्वकोश हे त्या वाटेवरचे शेवटचे ठाणे आहे, पहिले नव्हे.

मजकूर काढणाऱ्यांनाही एक सांगणे आहे. नव्या माणसाचे लिखाण न बोलता पुसू नका. 'संदर्भ हवा' अशी खूण करून थोडी वाट पाहा.

आणि तरुणांनो, काढलेला मजकूर सहसा लेखाच्या इतिहासात जपलेला असतो. संदर्भ आणलात, की तो परत लावता येतो. तेव्हा चावडीवर ओरडण्यापेक्षा एक दुपार ग्रंथालयात घालवा!