रुपयाचा रेझिस्टर वाचवू नका, गिऱ्हाईक वाचवा



भाजीची गाडी, वडापावचा स्टॉल यांच्यासाठी बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा एलईडी लाइट घरी बनवून विकायचा, हा धंदा कमी भांडवलात सुरू होतो. पण माझं स्पष्ट मत आहे: ज्याला प्रत्येक लाइनचा करंट मोजता येत नाही, त्याने अजून गॅरंटी देऊन माल विकू नये. सोल्डरिंग दोन दिवसांत जमतं. धंदा टिकतो तो मोजमापावर.

समजा तुमच्या लाइटमध्ये पाच लाइन आहेत आणि प्रत्येक लाइनमध्ये तीन पांढरे एलईडी. बरेच जण खर्च वाचवायला पाचही लाइनना मिळून एकच रेझिस्टर लावतात. लाइट लागतो, दिसतोही छान. मग अडचण काय?

एकाच पाकिटातले एलईडीसुद्धा अगदी सारखे नसतात. एखादी लाइन थोड्या कमी व्होल्टेजला चालू होते आणि जास्त करंट ओढते. जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता, आणि एलईडी तापला की आणखी करंट ओढतो. शेवटी ती लाइन तुटते. तिच्या वाट्याचा करंट आता उरलेल्या चौघींवर पडतो. म्हणजे त्यांचंही आयुष्य घटलं!

उपाय साधा आहे. प्रत्येक लाइनला स्वतःचा रेझिस्टर द्या. हिशोब असा: बॅटरी चार्जिंगला असताना १४.४ व्होल्टपर्यंत जाऊ शकते. तीन एलईडीचे साधारण ९ व्होल्ट वजा केले की उरले ५.४. करंट हवा २० मिलीअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर. ५.४ भागिले ०.०२ म्हणजे २७० ओहम. पाव वॉटचा रेझिस्टर पुरतो.

आता मल्टिमीटर घ्या. लाइट चालू ठेवून प्रत्येक रेझिस्टरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा आणि २७० ने भागा, त्या लाइनचा करंट मिळाला. पाचही आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा दहा टक्क्यांहून जास्त वेगळा आला, तर तो पीस माझ्या मते विकायचा नाही, आधी दुरुस्त करायचा. अर्धा तास चालवून, गरम झाल्यावर पुन्हा मोजा.

काही जण म्हणतील, "सर, गिऱ्हाईक किंमत बघतं, रेझिस्टर कोण बघतो?" बरोबर आहे. पण घाऊक घेतला तर रेझिस्टर रुपयाच्या आत पडतो. चार वाचवून किती वाचले? आणि एक लाइट परत आला, की नवा पीस, येण्या-जाण्याचा खर्च, अर्धा दिवस, सगळं तुमच्या खिशातून. शिवाय संध्याकाळी ऐन गर्दीत गाडीवर अंधार झाला, तर शेजारचे सगळे गाडीवाले विचारणार, "कुणाकडून घेतला होतास?"

तिथे तुमचं नाव कसं निघावं, ते आज सोल्डरिंग करतानाच ठरवा.